अ‍ॅनिमेशनमध्ये जादू कुठे संपते आणि भीती कुठे सुरू होते?

रेघोट्या

नमस्कार मंडळी. टूडी अ‍ॅनिमेशन शिकतोय आणि आता एक छोटी फिल्म करायला घेतलीय, दोन-अडीच मिनिटांची. एक मुलगी आहे, एक रिकामं घर आहे आणि त्या घरातल्या आरशात तिचं प्रतिबिंब तिच्यापेक्षा जरा उशिरा हलतं. एवढीच गोष्ट. सुरुवातीला तिला मजा वाटली पाहिजे, अरे वा जादूचा आरसा असं, आणि मग त्याच गोष्टीची हळूहळू भीती वाटायला लागली पाहिजे. माझं घोडं इथेच अडलंय. चित्रं जमतायत पण दोन्ही भाग सारखेच वाटतायत, मी काय केलंय तर दुसऱ्या भागात सगळं काळोखं करून खाली घुमणारं म्युझिक टाकलंय आणि ते अगदी वरवरचं दिसतंय.

त्यावरून डोक्यात किडा वळवळतोय. फँटसी काय आणि हॉरर काय, दोन्हींत जे घडूच शकत नाही ते घडत असतं. भोपळ्याची बग्गी होणं अशक्य आणि पोराचं गाढव होणंही अशक्य. मग एक बघताना चेहरा खुलतो आणि दुसरं बघताना पोटात गोळा का येतो? बरं लाइव्ह अ‍ॅक्शनमध्ये निदान समोर खरा माणूस असतो, इथे तर सगळ्यांना माहितीय की ही चित्रं आहेत तरी अंगावर काटा येतोच. कॅमेरा, लाइट, एडिटिंग, साउंड, मूव्हमेंट यातलं नेमकं कोण काय काम करतं? या लाइनमधलं कुणी असेल तर प्लीज सविस्तर लिहा, लांबलं तरी चालेल.

पडछाया

मस्त प्रश्न. बग्गी आणि गाढव ही उदाहरणं तुम्ही दिलीच आहेत तर तीच धरून लिहितो, कारण दोन्ही एकाच स्टुडिओची, डिस्नीची आहेत.

१९५० ची सिंड्रेला आठवा. फाटक्या कपड्यांचा गाऊन होतो तो सीन. चमचम वर जाते, ती एक गिरकी घेते आणि काम फत्ते. बदल एका झटक्यात, सगळ्या अंगाचा एकदम, आणि मधली अवस्था त्या चमचमीत झाकलेली. अर्धा फाटका अर्धा नवा असा ड्रेस आपल्याला नीट बघूच देत नाहीत. आता १९४० चा पिनोकिओ घ्या, त्याचा वांड मित्र लॅम्पविक याचं गाढव होतं तो भाग. इथे बदल हप्त्याहप्त्याने होतो. आधी कान, मग शेपूट, मग अख्खं डोकं, आणि त्याला स्वतःला अजून पत्ताच नाही, तो आपला मजेत बोलतोय. आपल्याला त्याच्या आधी कळलंय. हीच ती पोटात गोळा आणणारी जागा. मग हसता हसता त्याच्याच तोंडून गाढवाचा आवाज निघतो, तो चेहरा चाचपतो, आरशात बघतो आणि पिनोकिओला धरून गयावया करायला लागतो, आणि ज्या हातांनी त्याने पिनोकिओला धरलंय ते हात आपल्यासमोर खूर होतात. शेवटचा भाग तर भिंतीवरच्या सावलीतच दाखवलाय. तो आईला हाक मारतो आणि ती हाक पुरी होता होता गाढवाचं ओरडणं होते.

म्हणजे बघा, शरीर बदललं पण मन शेवटपर्यंत मुलाचंच आहे आणि त्याला सगळं कळतंय. फँटसीत बदल बहुतेक वेळा त्या पात्राला हवा असतो आणि मधलं झाकलेलं असतं, हॉररमध्ये बदल लादलेला असतो आणि मधलंच नेमकं दाखवलं जातं. दोन्हीकडे हाताने काढलेलीच चित्रं, पण कॅमेरा कुठे थांबलाय ते बघितलंत की फरक कळतो.

सावलीबद्दल एक अवांतर. १९२० च्या 'कॅलिगरी' या जर्मन मूकपटात सेटवर सावल्या चक्क रंगाने रंगवल्या होत्या, खरा माणूस आणि रंगवलेली सावली. हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये तर प्रत्येक सावली रंगवलेलीच असते, म्हणजे सावली दिव्याचं ऐकत नाही, तुमचं ऐकते. दिवा समोर असून सावली चुकीच्या बाजूला पडली तर बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही पण चैन पडत नाही. तुमच्या आरशाच्या खोलीत हे करून बघण्यासारखं आहे, सगळं काळोखं करण्यापेक्षा कितीतरी बरं.

फ्रेमामागून_फ्रेम

मी अ‍ॅनिमेटर आहे, रोजचं काम हेच, त्यामुळे मूव्हमेंटबद्दल लिहिते.

सेकंदाला २४ फ्रेम असतात हे माहिती असेलच. हाताने काढताना बरेचदा एक चित्र दोन फ्रेम धरतो, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं, त्याला टूजवर काम करणं म्हणतात. थ्रीजवर केलं तर ८ चित्रं. हे फक्त काम वाचवायला असतं असं लोकांना वाटतं पण तसं नाही. एकाच सीनमध्ये मुलगी टूजवर आणि दुसरं कुणीतरी वन्सवर, म्हणजे दर फ्रेमला नवीन चित्र, असं केलं तर ते दुसरं पात्र नको इतकं गुळगुळीत सरकतं, या जगातलं वाटतच नाही. उलटं केलं तरी चालतं, भूत थ्रीजवर तुटक तुटक. काय निवडलं यापेक्षा दोघांत फरक आहे हे महत्त्वाचं.

आणि एक गोष्ट, जी मला हॉररची खरी चावी वाटते. डिस्नीचे अ‍ॅनिमेटर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ च्या पुस्तकात अ‍ॅनिमेशनची १२ तत्त्वं मांडली, शिकताना तुमच्या हाताखालून गेलीच असतील. ही सगळी तत्त्वं चित्राला जिवंत करण्यासाठी आहेत. उडी मारायच्या आधी माणूस खाली वाकतो, ते अँटिसिपेशन. हात थांबताना हळू होत थांबतो, ते स्लो आउट स्लो इन. शरीर थांबल्यावर केस आणि कपडे जरा नंतर थांबतात, ते ओव्हरलॅपिंग. आता यातलं एकच तत्त्व काढून टाका. फक्त एक. बाकी सगळं नीट, पण पात्र हलायच्या आधी वाकत नाही, थेट हलतं. किंवा मान वळते ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच वेगाने वळते. बघणाऱ्याला तत्त्वबित्त्व काही माहिती नसतं पण जिवंत माणसं कशी हलतात हे जन्मापासून बघितलेलं असतं, त्यामुळे काहीतरी गडबड आहे हे लगेच जाणवतं. सगळी तत्त्वं एकदम काढलीत तर मात्र भीती वाटणार नाही, फक्त अ‍ॅनिमेशन कच्चं वाटेल. म्हणून आधी बाकीचं जग अगदी व्यवस्थित हलवा आणि मग एका ठिकाणी मोडा.

होल्डचंही तेच. पात्र उभं असताना आपण एकच चित्र गोठवून ठेवत नाही, बारीकसा श्वास, एखादी पापणी असं काहीतरी चालू ठेवतो. पापणी काढून टाका. डोळे उघडे, चेहरा हसरा आणि पापणी लवतच नाही.

तुमच्या आरशासाठी मी काय करेन सांगते. पहिल्या भागात उशीर मोठा ठेवा, १२ फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद, सगळ्यांना स्पष्ट दिसेल असा. ती हात हलवते, मग प्रतिबिंब हलवतं, तिला खेळ मिळाला. नियम ठरला. दुसऱ्या भागात तुम्ही उशीर वाढवायला जाल पण वाढवू नका, कमी करत आणा. १२ चे ८, मग ४, मग शून्य, म्हणजे आता तो साधा आरसा झाला आणि नेमकं तेव्हाच प्रेक्षकाला वाटेल की हे बरं नाही. आणि मग प्रतिबिंब तिच्या २ फ्रेम आधी हलू दे. पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येणार नाही. मग ४. मग ६. आता कोण कुणाची नक्कल करतंय?

मातीचा_बाहुला

वरचं शेवटचं वाचून खरंच शहारा आला. हे करा राव.

मी स्टॉप मोशनवाला, म्हणजे बाहुल्या दर फ्रेमला जरा जरा हलवून फोटो काढत फिल्म करणारा. सेटबद्दल सांगतो कारण त्यावर कुणी बोललं नाही. २००९ च्या कोरालाइनमध्ये दोन घरं आहेत, खरं आणि दरवाजापलीकडचं, दिसायला जवळपास सारखीच. दिग्दर्शक हेन्री सेलिक. खऱ्या घराच्या खोल्या त्यांनी मुद्दाम उथळ बांधल्या, पर्स्पेक्टिव्ह दाबलेलं, जमीन तिरपी, त्यामुळे सगळं जरा चपटं आणि कोंडल्यासारखं दिसतं, रंगही करडे. पलीकडच्या घरात तीच खोली खरोखर खोल बांधलेली, रंग भरभरून. फिल्म थ्रीडीत होती तर खऱ्या जगात थ्रीडीचा खोलपणासुद्धा कमी ठेवला आणि पलीकडे वाढवला. म्हणजे प्रेक्षकाला पलीकडे गेल्यावर अक्षरशः मोकळा श्वास घेतल्यासारखं होतं. भीतीच्या जागेला सुंदर केलंय, तिथेच जावंसं वाटतं. काळोखं करणं ही त्यामानाने फारच सोपी वाट झाली.

आणि त्याच पिक्चरमधला मला सगळ्यात भीतीदायक वाटणारा सीन अगदी लख्ख उजेडात आहे. कोरालाइन त्या घरापासून लांब चालत जाते आणि झाडं हळूहळू फिकी होत नुसते आकार उरतात आणि पुढे तेही नाही, सगळं पांढरं. ज्याने हे जग बनवलंय त्याने इथपर्यंत बनवलंच नाहीये! आणि चालत चालत ती परत त्याच घरापाशी येते. लाइव्ह अ‍ॅक्शनमध्ये हे करता येईल पण अ‍ॅनिमेशनमध्ये हे जास्त लागतं, कारण खालचा पांढरा कागद उघडा पडल्यासारखं होतं.

अजून एक, फ्रेमामागून_फ्रेम यांच्या म्हणण्याला जोडून पण थोडं वेगळं. हाताने काढताना सगळं ठरवून करता येतं, स्टॉप मोशनमध्ये तसं नसतं. बाहुल्याला दर फ्रेमला हात लागतो, कापड हलतं, केस विस्कटतात. १९३३ च्या किंग काँगची फर अशीच वळवळताना दिसते, अ‍ॅनिमेटरची बोटं लागून. ती काही कुणी ठरवून केलेली नाही पण त्यानेच ते जनावर आतून जिवंत वाटतं. श्वांकमायर या चेक दिग्दर्शकाने १९८८ च्या अ‍ॅलिसमध्ये पेंढा भरलेला ससा वापरलाय, त्याच्या पोटातून भुसा सांडत राहतो. खरी वस्तू, खरी धूळ, आणि ती हलते. म्हणून मला वाटतं भीती नेहमी प्लॅन करूनच येते असं नाही, मटेरियललाही काहीतरी करू द्यावं. तुम्ही टूडीत कागदावर काढत असाल तर रेषा थरथरते ती सगळीकडे साफ करत बसू नका. मुलीची रेषा थरथरती ठेवा आणि आरशातली एकदम साफ, किंवा उलट.

कानसेन

साउंडबद्दल अजून कुणी काहीच नाही? मग मी लिहितो.

लाइव्ह शूटिंगमध्ये माइकमध्ये आपोआप काहीतरी येतंच, पंखा, रस्ता, कपड्यांची सळसळ. अ‍ॅनिमेशनमध्ये सुरुवातीला शून्य असतं. प्रत्येक पाऊल कुणीतरी मुद्दाम टाकलेलं असतं. त्यामुळे शांतता हीसुद्धा टाकावी लागते. पूर्ण शून्य साउंड ठेवलात तर लोकांना वाटेल स्पीकर गेला, म्हणून रिकाम्या खोलीचा एक बारीक रूम टोन लागतोच, आणि भीतीचं सगळं राजकारण या रूम टोनवर चालतं. पाच सेकंदात तो इतका हळूहळू कमी करत न्यायचा की कमी होताना कळू नये पण संपल्यावर कान टवकारावेत.

म्युझिकचं म्हणाल तर घुमणारं म्युझिक आधी काढून टाका. ते सांगून मोकळं होतं की आता घाबरा. कोरालाइनचाच विषय निघालाय तर त्याची सुरुवात परत बघा, सुयांसारखी बोटं एक बाहुली उसवतात, आतला कापूस काढतात, नवीन शिवतात, आणि वर चाललंय काय तर मुलांच्या आवाजातलं गोड गाणं. हात पण घाई करत नाहीत, अगदी मायेने काम चाललंय. ते गोड आहे म्हणूनच नको वाटतं.

दुसरी युक्ती म्हणजे आवाज आधी आणि चित्र नंतर. २०२२ च्या 'पस इन बूट्स: द लास्ट विश'मध्ये तो लांडगा दिसायच्या आधी त्याची शिट्टी येते. एकदा ती शिट्टी आणि लांडगा यांची गाठ बांधली की नंतर नुसती शिट्टी पुरते, लांडगा काढायचीही गरज नाही. ही युक्ती जुनी आहे, फ्रिट्झ लँगच्या १९३१ च्या 'एम'मध्ये खुनी शिट्टीवरूनच ओळखला जातो. तुमच्या आरशाला एखादा आवाज द्या. फार काही नको, बोटाने काच पुसल्यावर येतो तसा. पहिल्या भागात ती स्वतः काच पुसते तेव्हा ऐकवा. दुसऱ्या भागात ती आरशाकडे पाठ करून उभी असताना ऐकवा.

रेघोट्या

बापरे, एवढं सगळं मिळेल असं वाटलंच नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. १२ वरून शून्यावर आणि मग उलट्या बाजूला जायची आयडिया तर मी लगेच स्टोरीबोर्डमध्ये टाकलीय. एक शंका, एडिटिंगचं काय? आत्ता माझ्याकडे मुलगी, आरसा, मुलगी, आरसा असे कट आहेत. आणि माझा प्रेक्षक मुलंही असणार आहेत, तर किती घाबरवायचं?

निशाचर

कट काढा. मुलगी आणि आरसा एकाच फ्रेममध्ये हवेत. वेगवेगळ्या शॉटमध्ये दाखवलंत तर २ काय ६ फ्रेमचा फरकही कुणाला दिसणार नाही, तुलना करायला दोघी एकाच वेळी डोळ्यांसमोर पाहिजेत. लांबचा, न हलणारा शॉट ठेवा आणि प्रेक्षकाला शोधू द्या.

कट कुठे वापरायचा ते जपानी दिग्दर्शक सातोशी कोनच्या 'परफेक्ट ब्लू'त बघा, १९९७ चा आहे, मोठ्यांसाठीचा, मुलांना बिलकुल दाखवू नका. त्यात एक हालचाल एका जागी सुरू होते आणि कटनंतर दुसऱ्याच जागी पूर्ण होते, त्यामुळे हे खरं चाललंय, शूटिंग आहे का स्वप्न, याचा पाया सुटतो. नायिका पुन्हा पुन्हा अंथरुणात जागी होते आणि दर वेळी आपल्याला वाटतं आता तरी खरं. अ‍ॅनिमेशनमध्ये स्वप्न आणि जाग दोन्ही एकाच ब्रशने रंगवलेली असतात, लाइव्ह अ‍ॅक्शनसारखा टेक्स्चरमधला फरक मिळत नाही, म्हणून हे कट इतके फसवे होतात.

आणि आरसा तुमचा विषयच आहे तर त्यातला शेवटचा पाठलाग बघाच (पुढे स्पॉइलर आहे). मागे लागलेली आकृती हलकी, हसरी, उड्या मारत तरंगत येते. आणि दुकानाच्या काचेत तिचं प्रतिबिंब दिसतं तर तिथे एक जड अंगाची, धापा टाकत पळणारी बाई. एकाच शॉटमध्ये भास आणि वस्तुस्थिती शेजारी शेजारी, आणि खरं काय ते काचेत आहे. नेहमी उलटं असतं ना, काचेतलं खोटं. मी हा भाग आवाज बंद करूनही बघितलाय, तरी तेवढाच चालतो.

दोन_पिल्लांची_आई

मुलांचा मुद्दा आला म्हणून लिहिते, टेक्निकल माणूस नाही मी.

माझं निरीक्षण असं की मुलं राक्षसापेक्षा पात्राच्या चेहऱ्याकडे जास्त बघतात. पात्र घाबरलं की ती घाबरतात आणि पात्राने धीर केला की त्यांनाही धीर येतो. १९३७ च्या स्नो व्हाइटमध्ये ती जंगलात पळते, झाडांना हात फुटतात, अंधारात सगळीकडे डोळेच डोळे. ती खाली पडून रडते, मग उजेड होतो आणि ते डोळे सशांचे आणि हरणांचे निघतात. म्हणजे जंगल काही बदललं नाही, आपण तिच्या भीतीतून बघत होतो. माझी धाकटी या सीनला उशी घट्ट धरते पण संपल्यावर परत लाव म्हणते, कारण त्यात सुटका आहे. 'स्पिरिटेड अवे'त आईबाबांची डुकरं होतात तिथे मात्र ती उठून माझ्या मांडीत येऊन बसली होती. तिथे लगेच सुटका नाही ना, संध्याकाळ होतेय, दिवे लागतायत, बाबा वळतात आणि तोंड डुकराचं, आणि हाक मारायला कुणीच नाही. मुलांसाठी करत असाल तर मुलीला एकटी ठेवू नका असं मी म्हणेन, किंवा एकटी ठेवलीत तर तिला शेवटी काहीतरी करता आलं पाहिजे, पळणं तरी.

पडछाया

आईंशी शंभर टक्के सहमत. तिला करता येण्यासारखी गोष्ट तुमच्या गोष्टीत आधीच आहे बघा, न हलणं. ती थांबली की प्रतिबिंब पुढे काय करणार? त्याला तिच्या आधी हलायचं असेल तर आता एकट्याने हलावं लागेल आणि मग ते उघडं पडेल. मुलीला हे सुचतंय हे चेहऱ्यावर दिसू दे, तिथे क्लोजअप घ्या, अख्ख्या फिल्ममधला एकमेव क्लोजअप.

फ्रेमामागून_फ्रेम

वा, हे भारी आहे. तिथे मुलीला मूव्हिंग होल्ड द्या, श्वास, पापणी, सुटलेली बट, सगळं अगदी निगुतीने, आणि प्रतिबिंबाला डेड होल्ड, एकच चित्र, निदान ३६ फ्रेम. दोघी स्थिर उभ्या असूनही जिवंत कोण ते कळेल. मग मुलीने पापणी मिटली की प्रतिबिंबाची पापणी हलू नये.

आणि हे सगळं पूर्ण रंगवायच्या आधी नुसत्या पेन्सिलमध्ये अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं टायमिंगप्रमाणे लावलेली कच्ची फिल्म, करून टायमिंग बघा. पेन्सिलमध्ये भीती वाटली नाही तर रंगाने येणार नाही.

कानसेन

अ‍ॅनिमॅटिकला रूम टोन आणि काचेचा तो आवाज एवढे दोनच ट्रॅक लावा, म्युझिक नको. इथे टाकलात की मी हेडफोनवर ऐकून कुठे कमी कुठे जास्त ते सेकंद टाकून कळवतो.